साडेदहा फुटांची भिंत : खोली आखण्याच्या एका अ‍ॅपची निरनिराळ्या उपकरणांवरील वापरचाचणी

पार्श्वभूमी

पुण्यातील एका मध्यम आकाराच्या फर्निचर कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी खोली आखण्याचे अ‍ॅप करून घेतले होते. ग्राहकाने खोलीची मापे भरायची, दारे-खिडक्या दाखवायच्या, कंपनीच्या यादीतील कपाट, पलंग, टीव्ही युनिट त्या खोलीत मांडून पाहायचे आणि पसंत पडल्यास मापानुसार बनवायच्या वस्तूंची मागणी तेथूनच नोंदवायची, असा क्रम होता. अ‍ॅप ब्राउझरमध्ये चालणारे होते, त्यामुळे काहीही उतरवून न घेता फोन, टॅबलेट किंवा लॅपटॉप यांपैकी कशावरही ते उघडता येई. खोलीचे त्रिमितीय दृश्य वेबजीएल या ब्राउझरमध्येच त्रिमितीय चित्रे दाखवणाऱ्या तंत्राच्या आधारे दिसे, आणि कपाट प्रत्यक्ष भिंतीपुढे उभे करून पाहायचे असेल तर फोनमधील तयार सोय वापरली जाई; अँड्रॉइडवर सीन व्ह्यूअर, आयफोनवर क्विक लूक.

ग्राहक बहुतांशी नुकताच फ्लॅटचा ताबा मिळालेली कुटुंबे होती. घर सजवण्याचे काम अशा कुटुंबात कोणी एकटा माणूस एका बैठकीत करत नाही. रिकाम्या फ्लॅटमध्ये टेप लावून मापे घेतली जातात तेव्हा हातात फोन असतो; मांडणी रात्री लॅपटॉपवर होते; चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून गावाकडच्या आईवडिलांना जाते; आणि शेवटी मिस्त्री येऊन त्याच भिंतीला पुन्हा टेप लावतो. अ‍ॅप मात्र प्रत्येक उपकरण म्हणजे एक वेगळा ग्राहक असे गृहीत धरून बांधलेले होते. हा तपशील सुरुवातीला कोणालाच महत्त्वाचा वाटला नाही.

मी या कामात चाचणीचा आराखडा आणि नोंदींचे विश्लेषण यांपुरती बाहेरून सहभागी होते. कंपनी, कर्मचारी आणि सहभागी कुटुंबे यांचे तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.

अडचण

कंपनीपुढे दोन तक्रारी होत्या. पहिली विक्री विभागाची : अ‍ॅप फोनवर उघडणारे पुष्कळ, पण मांडणी पूर्ण करून मागणी नोंदवणारे बहुतेक लॅपटॉपवाले. दुसरी कारखान्याची : दोन भिंतींच्या मधल्या कोनाड्यात बसवायची काही कपाटे जागेवर नेल्यावर आत जातच नव्हती, तर काहींच्या बाजूला बोटभर फट राहत होती. कारखान्याचा संशय कपाट बसवणाऱ्यांवर, बसवणाऱ्यांचा गिलाव्यावर आणि अ‍ॅपवाल्यांचा ग्राहकाच्या टेपवर होता. दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या बैठकांत मांडल्या जात असल्यामुळे त्या एकाच टेबलावर कधी आल्या नाहीत.

चाचणी पथकाला काम मिळाले ते पहिल्या तक्रारीचे. “फोनवर अ‍ॅप का अडते ते शोधा” एवढीच सूचना होती.

पहिली फेरी

पहिली फेरी कंपनीच्या बैठकखोलीत झाली. सहभागींचे फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप असे तीन गट केले आणि प्रत्येक गटात पाच-सहा जण घेतले. पाच हा आकडा या क्षेत्रात जवळजवळ धर्मवचनासारखा वापरला जातो. याकोब नील्सन आणि टॉमस लँडाउअर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रात, एका सहभागीकडून सरासरी ३१ टक्के दोष उघड होत असतील तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात, असा तो हिशेब आहे. त्यामागची दोन गृहीतके मात्र सहसा सांगितली जात नाहीत : सहभागी साधारण एकाच प्रकारचे असले पाहिजेत, आणि दोष घडला की तो पाहणाऱ्याच्या नजरेस पडला पाहिजे. या प्रकरणात दुसरे गृहीतक कोसळले.

सहभागींना एका शयनकक्षाचा छापील नकाशा दिला होता. मापे बिल्डरच्या माहितीपत्रकात असतात तशी : १०'६" आणि ११'१०". खोली तयार करून जतन करायची, एका भिंतीला कपाट लावायचे, पलंग फिरवून खिडकीकडे न्यायचा, अशी कामे होती. काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायचे होते आणि शेवटी वापर किती सोपा वाटला हे मोजणारी एसयूएस ही दहा विधानांची प्रश्नावली भरायची होती. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ही प्रश्नावली झटपट असल्याने बहुतेक ठिकाणी हीच वापरतात.

निकाल वरवर पाहता स्वच्छ होता. फोनच्या गटाने मापे भरून खोली जतन करण्याचा टप्पा विनातक्रार आणि भराभर पार पाडला; त्यांची खरी झटापट पुढे, वस्तू सरकवताना झाली. लॅपटॉपच्या गटात उलटे घडले. मांडणी त्यांना सोपी गेली, पण मापाच्या रकान्यापाशी बहुतेक जण अडखळले, कारण नकाशात होते तसेच १०'६" त्यांनी टंकले आणि अ‍ॅपने लाल अक्षरांत “फक्त अंक भरा” असे सुनावले. टॅबलेटच्या गटाचे वागणे बुचकळ्यात टाकणारे होते. वस्तूची मापे स्क्रीनवर कुठे दिसतात हेच त्यांना सापडत नव्हते. प्रश्नावलीतही फोनला लॅपटॉपपेक्षा बरे गुण मिळाले.

अहवालाचा मसुदा त्यानुसार लिहिला गेला : फोनवर मांडणी सुधारावी, लॅपटॉपवर मापाचा रकाना कमी कडक करावा. प्रोग्रामरांनी त्यावर एक सुटसुटीत उपायही सुचवला. लॅपटॉपवर कोणी फुटाचे चिन्ह टंकले तर त्याच्या जागी आपोआप दशांशचिन्ह घालायचे, म्हणजे फोनवर जे सुरळीत चालते तेच लॅपटॉपवरही चालेल. बदल छोटा होता आणि पुढच्या आवृत्तीत घालण्याचे ठरतही आले होते.

जतन झालेली खोली आणि बरोबर असलेली खोली

तो बदल थांबला तो अहवालासाठी चित्रे काढताना. पथकातील एका नवख्या सहकाऱ्याने फोनवर तयार झालेल्या दोन खोल्यांची चित्रे शेजारी ठेवली, तर दोन्ही एकाच नकाशावरून काढलेल्या असूनही एकीत कपाट आणि पलंग यांच्यामध्ये ऐसपैस जागा होती आणि दुसरीत माणूस आडवा होऊनच जाऊ शकला असता. जतन झालेले आकडे तपासले आणि उलगडा झाला.

फोनवर मापाचा रकाना उघडला की अंकांचा कळफलक येई. आयफोनवर त्यात दहा अंक आणि दशांशचिन्ह एवढेच असते. अँड्रॉइडवर कळफलकागणिक थोडा फरक पडतो, पण फूट-इंचाची चिन्हे तेथेही सहज हाताशी नसतात. मग १० फूट ६ इंच लिहायचे कसे? बहुतेकांनी १०.६ लिहिले. अ‍ॅपने ते दहा पूर्णांक सहा दशांश फूट असे वाचले, म्हणजे १० फूट ७.२ इंच. फरक सव्वा इंचाच्या आसपास, सुमारे ३० मिमी. मोकळ्या भिंतीला लावायच्या पलंगाला त्याने काही बिघडत नाही. दोन भिंतींच्या मध्ये बसणारे कपाट मात्र ३० मिमी जास्त असेल तर ते आत जात नाही.

दुसरी भिंत याहून वाईट होती. ११ फूट १० इंचाचे ११.१० झाले, अ‍ॅपने शेवटचे शून्य टाकून ११.१ धरले, आणि भिंत जवळजवळ नऊ इंचांनी आखडली. कारखान्याकडे कधी मोठी तर कधी लहान कपाटे का जात होती, याचे उत्तर या दोन ओळींत होते. सहा इंचाची भिंत वाढते आणि दहा इंचाची घटते. त्यामुळे चूक एका दिशेने झुकलेली दिसत नव्हती आणि म्हणूनच ती सगळ्यांना टेपची, गिलाव्याची किंवा हाताची वाटत होती.

लॅपटॉपवर ज्यांना लाल ओळ दिसली ते थबकले. काहींनी बोटांवर हिशेब करून १०.५ भरले, काहींनी “इथे इंच कसे लिहायचे?” असे विचारले, काहींनी शेवटी १०.६ च लिहिले. पण निदान काहीतरी गडबड आहे हे त्यांना कळले होते. पहिल्या अहवालात ज्या उपकरणाला मापाच्या टप्प्यावर सर्वांत कमी गुण दिले होते, तेच त्या टप्प्यावर सर्वांत कमी घातक होते. दशांशचिन्ह आपोआप घालण्याचा उपाय अमलात आला असता तर फोनवरची मुकी चूक लॅपटॉपवरही पोहोचली असती आणि पुढच्या चाचणीत दोन्ही उपकरणांचे निकाल एकसारखे उत्तम दिसले असते.

वापरसुलभतेची आंतरराष्ट्रीय व्याख्या, आयएसओ ९२४१ चा अकरावा भाग, परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान असे तीन घटक वेगळे मोजायला सांगते, आणि परिणामकारकतेत अचूकता स्पष्टपणे धरलेली आहे. पहिल्या फेरीत “जतन करा” हे बटण दाबले की काम पूर्ण मानले गेले. कार्यक्षमता आणि समाधान मोजले गेले. परिणामकारकतेच्या जागी बटण मोजले गेले.

दुसरी फेरी : रिकाम्या फ्लॅटमध्ये

दुसऱ्या फेरीची रचना बदलली. सहभागी कुटुंबे अशी निवडली की ज्यांना खरोखर फर्निचर करायचे आहे. चाचणी त्यांच्याच फ्लॅटमध्ये, त्यांच्याच फोनवर आणि लॅपटॉपवर. आणि काम पहिल्या मापापासून ते मिस्त्रीच्या हातात चित्र पडेपर्यंत. उपकरणानुसार गट पाडले नाहीत. कोणते उपकरण केव्हा हातात घ्यायचे हे कुटुंबावर सोडले.

चिंचवडच्या एका फ्लॅटमधील पंधरा मिनिटांनी बैठकखोलीतील फेरीत न दिसलेले बरेच काही दाखवले. आई टेपचे टोक भिंतीला दाबून उभी, मुलगा दुसऱ्या टोकाला. त्याच्या एका हातात टेपची डबी, दुसऱ्या हातात फोन. आकडा बोलायचा आणि टंकायचा त्यानेच, तेही फक्त अंगठ्याने. त्याने “दहा सहा” म्हटले आणि १०.६ भरले. आईने तिकडून विचारले, “अरे, साडेदहाच ना?” तो म्हणाला, “हो गं, साडेदहाच.” दोघांचेही बरोबर होते आणि फोनमध्ये पडलेला आकडा चूक होता. पुढच्या भिंतीला टेप सुटली, तो खाली वाकला, फोन आडवा झाला, दृश्य फिरले आणि अर्धवट भरलेला रकाना कोरा झाला. बसून, दोन्ही हात मोकळे असताना केलेल्या चाचणीत हे घडण्याची शक्यताच नव्हती.

बाकीचे दोष थोडक्यात सांगते, तरी त्यांतील तीन-चार असे आहेत की अशाच प्रकारचे अ‍ॅप करणाऱ्या कोणालाही ते भेटतील.

खाते न उघडता तयार केलेली खोली ब्राउझरच्याच साठ्यात राहत होती. त्यामुळे फोनवर मोजलेली खोली लॅपटॉपवर दिसत नसे, आणि लोक मापे कागदावर उतरवून पुन्हा भरत; चुकीला ही दुसरी संधी. आयफोनवर तर खोली नाहीशीच होई. सफारीने मार्च २०२० पासून, वापरणाऱ्याने ब्राउझर वापरलेल्या सात दिवसांत त्या संकेतस्थळाला हात लावला नाही तर त्याचा असा साठा पुसून टाकण्याचे धोरण ठेवले आहे. मापे घेतल्यावर दोन आठवड्यांनी सवडीने मांडणी करायला बसणारे कुटुंब हे या व्यवसायात अपवाद नसून नियम आहे.

टॅबलेटचे कोडे आयपॅडमुळे होते. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून सफारी संकेतस्थळांना आपली ओळख मॅक संगणक अशी करून देते. अ‍ॅप त्या ओळखीवर विसंबून माऊससाठी केलेली आवृत्ती पाठवत होते, आणि त्या आवृत्तीत वस्तूची मापे दिसत ती माऊसचा बाण वस्तूवर नेल्यावरच. बोटाला असे अधांतरी तरंगता येत नाही. सहभागींना मापे सापडली नाहीत, कारण त्यांच्यासाठी ती नव्हतीच.

फोनवर कपाट सरकवताना बोटाखाली नेमका तोच कोपरा झाकला जाई जो भिंतीला टेकवायचा होता. पलंग फिरवण्यासाठी दोन बोटे वापरली की कधी पलंग फिरे, कधी अख्खी खोली. तीन-चार जीबी मेमरीच्या फोनवर पाच-सहा वस्तू मांडल्या की पान स्वतःहून पुन्हा उघडे. याचे कारण पोतचित्रांत, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांत होते : २०४८ गुणिले २०४८ बिंदूंचे एक चित्र फाइल म्हणून कितीही छोटे असले तरी न दाबता (कॉम्प्रेस न करता) ग्राफिक्स मेमरीत ठेवले की १६ एमबी व्यापते, आणि एका कपाटाला रंग, खडबडीतपणा, उठाव, सावली अशी चार चित्रे लावलेली होती. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये फोनच्या आकाराची चौकट उघडून केलेल्या तपासणीत हे कधीच दिसले नाही, कारण ती चौकट आकार आणि स्पर्श यांची नक्कल करते. मेमरी आणि ग्राफिक्स तिच्यात लॅपटॉपचेच असतात.

सर्वांत गंभीर दोष मात्र लोकांना सर्वांत आवडलेल्या सोयीत निघाला. प्रत्यक्ष भिंतीपुढे कपाट उभे करून पाहताना ते जरा मोठे वाटले की लोक दोन बोटांच्या चिमटीने ते लहान करत आणि “बसतंय की” म्हणत. सीन व्ह्यूअर आणि क्विक लूक या दोन्हींत वस्तूचा आकार बदलण्याची मुभा मुळातच चालू असते. ती बंद करायची असेल तर दुव्यात तसे सांगावे लागते. ते कोणी सांगितले नव्हते. शिवाय चकचकीत, एकरंगी फरशीवर संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये कॅमेऱ्याला जमिनीची पातळी धरता येत नाही, तेव्हा कपाट कधी फरशीत रुतलेले, कधी वीतभर वर तरंगताना दिसे.

तोललेले पर्याय

दुसऱ्या फेरीनंतरची बैठक लांबली, आणि लांबायलाच हवी होती. विक्री विभागाच्या काही जणांना फोनवरची आवृत्ती फक्त पाहण्यापुरती ठेवून मांडणी लॅपटॉपवरच सक्तीची करावी असे वाटत होते. कागदावर हे स्वस्त होते, पण रिकाम्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप घेऊन कोणी भिंती मोजत नाही. उलट टोकाला, सर्व उपकरणांवर तंतोतंत एकच रूप द्यावे असाही आग्रह होता. त्यात कोणाचीच गैरसोय होणार नाही असे नव्हे, तर सर्वांची सारखी गैरसोय होईल एवढेच. शेवटी जो मार्ग निवडला तो कामाच्या टप्प्यांनुसार होता : मापे घेणे आणि जागेवर पाहणे यांत फोन सर्वांत चांगला असावा, मांडणीत मोठा पडदा सर्वांत चांगला असावा, आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना काहीही हरवू नये.

खरा वाद मापाच्या रकान्यावर झाला. प्रोग्रामरांचे म्हणणे असे की १०.६ चा अर्थ १० फूट ६ इंच असाच लावावा, कारण बहुतेकांना तेच म्हणायचे असते. युक्तिवाद मोहक होता. परंतु १०.५ चे काय करायचे? हिशेबी माणसाने लिहिलेले १०.५ म्हणजे साडेदहा फूट, म्हणजेच १० फूट ६ इंच. टेपवरून वाचणाऱ्याने लिहिलेले १०.५ म्हणजे १० फूट ५ इंच. एकच भिंत दोन माणसे १०.५ आणि १०.६ अशी लिहितात आणि दोघेही आपापल्या परीने अचूक असतात. कोणत्याही नियमाने एकाचे बरोबर करताना दुसऱ्याचे चूक होते. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता : अ‍ॅपने अंदाज बांधायचा नाही, विचारायचे.

मापे सरळ मिलिमीटरमध्ये घ्यावीत, ही कारखान्याची सूचना होती. कारखान्याचे सगळे काम मिमीत चालते, त्यामुळे ती त्यांना स्वाभाविक वाटली. पण घरात टेपची इंचाची बाजूच वाचली जाते, मिस्त्री फूट, इंच आणि सूत यांतच बोलतो, आणि लोकांना डोक्यात रूपांतर करायला लावणे म्हणजे चूक अ‍ॅपमधून काढून त्यांच्या डोक्यात घालणे झाले असते.

कृती

मापासाठी फूट आणि इंच असे दोन वेगळे रकाने आले. इंचाच्या रकान्यात १२ किंवा त्यापुढचा आकडा स्वीकारला जात नाही, आणि सुतासाठी एक छोटी निवड ठेवली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिमी. आकडा भरला की खाली “दहा फूट सहा इंच, म्हणजे ३२०० मिमी” असे अक्षरांत उमटते, म्हणजे टेप धरणाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवता येते. फोन आडवा झाला तरी भरलेले आकडे तसेच राहतात.

खोली तयार होताच तिला एक दुवा मिळतो, आणि तो दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवला की लॅपटॉपवर तीच खोली उघडते. खाते उघडण्याची सक्ती मागणी नोंदवण्यापर्यंत पुढे ढकलली. कोणते उपकरण आहे हे ओळखण्याऐवजी, त्यावर माऊसचा बाण आहे की बोट, हे ब्राउझरलाच विचारून मांडणी ठरवली जाऊ लागली. त्यामुळे आयपॅडचा प्रश्न आपसूक सुटला. निवडलेल्या वस्तूची मापे सर्वत्र कायम दिसतात. ओढण्याला पर्याय म्हणून एकेका इंचाने सरकवणारे बाण आणि काटकोनात फिरवणारे बटण दिले. अपंगांनाही संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या ऑक्टोबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांत ओढण्याच्या क्रियेला साधा पर्याय असावा अशी अपेक्षा आहेच. पण हे बाण सर्वांत जास्त वापरले ते धडधाकट हातांच्या तरुणांनी. पोतचित्रे निम्म्या लांबी-रुंदीची आणि ग्राफिक्स मेमरीतही दाबलेलीच राहतील अशा प्रकारची केली. प्रत्यक्ष भिंतीपुढे कपाट पाहण्याच्या सोयीत आकार बदलण्याची मुभा बंद केली.

आधी जतन झालेल्या खोल्यांचे काय करायचे, हा प्रश्न सर्वांत अवघड होता. दशांशचिन्ह असलेली प्रत्येक भिंत संशयित होती, पण कोणती चूक आणि कोणती बरोबर हे आकड्यावरून ठरत नव्हते. एक मत होते की जुन्या खोल्या तशाच सोडाव्यात. दुसरे, की त्या सरसकट बदलाव्यात. शेवटी एकही आकडा न बदलता, खोली पुन्हा उघडल्यावर प्रत्येक संशयित भिंतीबद्दल दोन पर्याय दाखवून विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत त्या खोलीतून मागणी स्वीकारू नये, असे ठरले. कारखान्यात कापणीला लागलेल्या मागण्यांसाठी ग्राहकांना फोन केले गेले. काहींना हे आवडले नाही. कापणी थांबल्याने उशीर झाला.

निष्पत्ती

तिसरी, छोटी फेरी पुन्हा घरोघरी झाली. या वेळी काम पूर्ण झाले असे तेव्हाच मानले, जेव्हा अ‍ॅपमधील माप आणि मिस्त्रीने स्वतंत्रपणे घेतलेले माप जुळले. फूट-इंचाच्या गोंधळातून आलेली चूक त्यात आढळली नाही. फोनवर मोजून लॅपटॉपवर मांडणी करणाऱ्या कुटुंबांना मापे पुन्हा भरावी लागली नाहीत. न बसणाऱ्या कपाटांची तक्रार कारखान्याकडून त्यानंतर क्वचितच आली, मात्र ती अजिबात थांबली नाही. त्याचे कारण पुढे येते.

किंमतही मोजावी लागली. प्रत्येक भिंतीला दोन रकाने आणि शेवटी मापे ताडून पाहण्याचा टप्पा, यामुळे खोली तयार करायला वेळ जास्त लागू लागला आणि अर्ध्यावर सोडणारे वाढले. विक्री विभागाच्या तक्त्यावर “तयार झालेल्या खोल्या” ही रेघ खाली आली, आणि बदल मागे घ्यावेत अशी मागणी जोरात झाली. व्यवस्थापकांनी ती मान्य केली नाही, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. त्यांनी तक्त्यावरची ती रेघच बदलली : तयार झालेल्या खोल्यांऐवजी, जागेवर ताडून बरोबर ठरलेल्या खोल्या. जुन्या रेघेत चुकीच्या भिंतीही यश म्हणून मोजल्या जात होत्या, हे मान्य करायला मात्र त्यांनाही दोन बैठका लागल्या.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या फेरीच्या आधी एकदा तरी कोणी रिकाम्या फ्लॅटमध्ये टेप घेऊन उभे राहिले असते, तर बैठकखोलीतील फेरीचा बराच खर्च वाचला असता. छापील नकाशावरून मापे भरायला सांगितल्यामुळे कामातील सर्वांत अवघड भाग चाचणीतून वगळला गेला होता. तरीही ती फेरी वाया गेली असे मी म्हणणार नाही. नकाशातील मापे निश्चित असल्यामुळेच जतन झालेले आकडे चूक आहेत हे निर्विवाद सिद्ध करता आले. घरी मोजलेल्या भिंतीबद्दल वाद घालायला जागा राहते.

विक्रीची आणि कारखान्याची तक्रार सुरुवातीलाच एकत्र वाचली गेली असती, तर पहिल्या फेरीतील यशाची व्याख्या वेगळी झाली असती. पथकाला दुसऱ्या तक्रारीची माहिती होती. ती आपल्या कामाच्या कक्षेबाहेरची मानली गेली. समाधानाच्या गुणांना अहवालाच्या पहिल्या पानावर स्थान देण्याचा मोहही टाळता आला असता. फोनच्या गटाचे समाधान खरे होते. त्यांची खोली चूक आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

मिस्त्रीला दुसऱ्या फेरीच्या शेवटी नव्हे, तर पहिल्या फेरीच्या आधी बोलवायला हवे होते. तिसऱ्या फेरीत एका जुन्या मिस्त्रीने अ‍ॅपमधील कोनाड्याचे माप पाहिले, ते बरोबर असल्याचे सांगितले, आणि तरीही स्वतःची टेप काढून कोनाडा तळाशी, मध्ये आणि वर असा तीन ठिकाणी मोजला. तिन्ही आकडे वेगळे निघाले. “भिंत गुण्यात नाही आणि ओळंब्यातही नाही, ताई. यातलं लहान धरायचं,” एवढे बोलून त्याने पेन्सिल कानामागे खोचली. म्हणजे भिंत काटकोनातही नव्हती आणि सरळ उभीही नव्हती. अजूनही अधूनमधून येणाऱ्या तक्रारी याच जातीच्या आहेत : माप बरोबर लिहिलेले, पण एकाच उंचीवर घेतलेले. कोनाड्यातल्या कपाटासाठी तीन उंचींवरची मापे मागणारा रकाना आता अ‍ॅपमध्ये घालून पाहिला जात आहे, आणि ती मापे ग्राहकाने भरायची की मिस्त्रीने त्याच्या फोनवरून, हे पुढच्या फेरीत ठरायचे आहे.